फिरत्या बिऱ्हाडांतील दोन जिवांची

'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मराठींत अस्थिर संसाराची थट्टा करण्यासाठीं वापरली जाते. आज येथें तर उद्यां तेथें, घर नाहीं कीं दार नाहीं, अशा माणसाला उद्देशून ती सहज तोंडांतून निघते. परंतु ज्या प्राण्यावरून ती आली त्याच्याकडे नीट पाहिलें, तर तिचा अर्थ निराळाच दिसूं लागतो. विंचवाची मादी अंडीं घालीत नाहीं. ती जिवंत पिलें प्रसवते, आणि त्यांची पहिली कात पडेपर्यंत तीं सारीं आपल्या पाठीवर वाहून नेते. म्हणजे विंचवाच्या पाठीवरचें बिऱ्हाड हें सामानसुमान नसून तिचीं मुलें होत. फिरत्या घराचा विचार करतांना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. पाल, राहुटी, डेरा यांजकडे रस्त्यावरून पाहणाऱ्याला कापड दिसतें, खुंटे दिसतात, बांधलेलीं जनावरें दिसतात. पण त्या कापडाच्या सावलींत एखादी स्त्री आपले दिवस मोजीत असते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पाऊस सरून थंडी पडेपर्यंतच्या दिवसांत नागपूरच्या परिसरांत उतरलेलें असें एखादें बिऱ्हाड, आणि त्यांत बाळाची वाट पाहणारी ती स्त्री, यांचा विचार येथें करावयाचा आहे.

जगांतील फिरत्या घरांमध्यें सर्वांत प्रसिद्ध घर म्हणजे मध्य आशियांतील यर्त. मंगोलियांत त्यालाच 'गेर' म्हणतात. लवचीक लांकडी पट्ट्यांची, जाळीसारखी उघडझांप होणारी भिंत वर्तुळांत उभी करावयाची. तिच्यावरून छताच्या काठ्या मधल्या लांकडी कड्याला नेऊन टेकवावयाच्या. आणि त्या सांगाड्यावर मेंढीच्या लोंकरीचा जाड नमदा गुंडाळून तो दोरांनीं आवळावयाचा, अशी त्याची रचना असते. मधल्या कड्यांतून उजेड आंत येतो. चार माणसांनीं हात लावला म्हणजे कांहीं तासांत घर उभें राहतें, आणि त्याहून कमी वेळांत तें उतरतें. मंगोल लोकांच्या या गृहरचनाकलेला २०१३ सालीं, व किरगीझ आणि कझाक लोकांच्या यर्तकलेला २०१४ सालीं, युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या सूचींत स्थान दिलें. 'यर्त' या तुर्की शब्दाचा जुना अर्थ मात्र घर असा नाहीं. ज्या भूमीवर तळ पडतो ती भूमि, असा आहे. घराचें नांव कापडावरून न पडतां भूमीवरून पडावें, यांत त्या लोकांचा जीवनविचार आला.

महाराष्ट्राच्या माळावर उतरणारें पाल हें या यर्ताचें दूरचें भावंडच होय. हेतु एकच, शत्रू मात्र वेगळे. मंगोलियांत शत्रू आहे थंडी. म्हणून तेथील घर गोल, बंद आणि जाड असतें. विदर्भांत शत्रू आहेत ऊन आणि पाऊस. म्हणून येथील घर बहुतांशीं नुसतें छतच असतें. बांबूच्या काठ्या, त्यांवर पूर्वीं घोंगडी किंवा जाड गोणपाट व आतां मेणकापड, बाजूंना उघडें, आणि पुढ्यांत तीन दगडांची चूल. भिंती नाहींत म्हणून वारा खेळतो. भिंती नाहींत म्हणूनच आडोसाहि नाहीं. या एका गोष्टींत गर्भवतीचें सुख आणि तिची अडचण दोन्ही सांठवलेलीं आहेत.

नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ या जिल्ह्यांत अशीं बिऱ्हाडें अनेक जातिजमातींचीं दिसतात. त्यांत मराठी धनगर आहेत, पूर्वेकडील चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूचे कुरमार आहेत, बैलगाडीवर भाता लादून फिरणारे गाडी लोहार आहेत. आणि कित्येक दशकांपासून कच्छ-सौराष्ट्रांतून मध्य भारतांत येऊन राहिलेले रबारी आहेत. गांवकरी त्यांना सरसकट 'काठेवाडी' म्हणून ओळखतात. पांढऱ्या मेंढ्यांचा कळप, त्याच्या मागें कांहीं उंट, उंटांवर उलट्या बांधलेल्या खाटा, गोधड्यांच्या राशी, भांडीं, आणि त्या सर्वांवर बसविलेलीं लहान मुलें व नुकतीं जन्मलेलीं कोंकरें, असा रबाऱ्यांचा डेरा रस्त्यानें जातांना दिसला तर वाटसरू थांबून पाहतो. पुष्कळ वेळां उंटाची दोरी बाईच्या हातांत असते. पुरुष मेंढ्यांबरोबर रानांत असतात. बिऱ्हाड उतरविणें, चढविणें, पाणी, सरपण, चूल, कोंकरांची निगा आणि पैशाची जपणूक हा सारा कारभार स्त्रियांचा.

हे लोक उगाच भटकतात असें समजणें चूक आहे. त्यांच्या फिरण्याला शेतीचा आधार आहे आणि शेतीला त्यांच्या फिरण्याचा. पीक निघालें कीं शेतकरी आपल्या वावरांत मेंढ्या 'बसवितो'. रात्रभर कळप त्या तुकड्यावर बसतो, त्याच्या लेंड्या व मूत्र जमिनींत मुरतें, आणि पुढच्या हंगामाचें खत विनासायास मिळतें. मोबदल्यांत मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात आणि कळपाला चारा. गांव आणि डेरा यांच्यामधील हा व्यवहार लिहिलेला नसतो; पण वर्षानुवर्षें त्याच शेतकऱ्याच्या त्याच वावरांत तोच कळप येऊन बसतो. हें नातें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे, कारण पुढें गर्भवतीच्या प्रश्नाचा विचार करतांना त्याचाच उपयोग होणार आहे.

आतां ऋतूकडे वळूं. नागपूरकडे ऑक्टोबरच्या पूर्वार्धांत पावसाळा निरोप घेतो. आकाश धुऊन निघतें, पण ऊन एकाएकीं तापतें. दिवसाचें तपमान ३२-३३ अंशांपर्यंत जातें. लोक त्याला 'ऑक्टोबरचा उन्हाळा' म्हणतात, आणि वैद्यकाचे जुने ग्रंथ शरदांत पित्ताचा प्रकोप सांगतात तोहि याच अनुभवावरून. कोजागिरीनंतर रात्री थंडावूं लागतात आणि नोव्हेंबर सरतां सरतां पहांटेचा पारा पुष्कळ वेळां पंधरा अंशांच्या खालीं उतरतो. दुपारचा घाम आणि पहांटेची हुडहुडी या दोहोंच्या मध्यें पालांतील संसार चालतो. विटांच्या घराला हा फरक जाणवत नाहीं. कापडाच्या घराला प्रत्येक अंश जाणवतो.

मेंढपाळाच्या दृष्टीनें शरद् हा अवघडलेला ऋतु आहे. माळ हिरवा असतो, परंतु वावरें भरलेलीं असतात. सोयाबीन निघतें तें सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर. कापसाची वेचणी त्यानंतर सुरू होऊन महिनोन् महिने चालते. तूर तर जानेवारीपर्यंत उभी असते. काटोल-नरखेडकडे संत्र्यांचा आंबिया बहार झाडांवर पिकत असतो. त्यामुळें कळपाला वाट काढतांना सोयाबीनच्या मोकळ्या झालेल्या वावरांतून, पडीत जमिनींतून, रस्त्याच्या कडेनें व रानाच्या धारेनें जावें लागतें. मुक्काम कधीं आठ दिवस, तर कधीं दोनच रात्री. पुढचा मुक्काम कोठें पडेल हें पुष्कळदां आदल्या दिवशीं ठरतें. दिवस भरत आलेल्या स्त्रीच्या दृष्टीनें शरदांतील सर्वांत मोठी गोष्ट हीच, कीं तिच्या बाळंतपणाचें ठिकाण आधीं सांगतां येत नाहीं.

तिचा दिवस पहांटे अंधारांत सुरू होतो. चूल बाहेर असते, आणि हें तिच्या पथ्यावर पडतें. कोंदट झोंपडींतील धुरापेक्षां उघड्यावरचा धूर पुष्कळ कमी छातींत जातो. धुरानें गर्भाची वाढ खुंटते व बाळ हलक्या वजनाचें होतें हें आतां वैद्यकशास्त्रानें दाखवून दिलेलें आहे. खाट ही पालांतील दुसरी चांगली गोष्ट. जमिनीपासून हातभर उंच झोंपल्यानें ओल लागत नाहीं आणि शरदांत बिळांतून बाहेर पडणाऱ्या विंचू-सापांपासून संरक्षण होतें. शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोंपावें, उताणें झोंपूं नये, असें डॉक्टर सांगतात. सैलावलेल्या खाटेवर तें कठीण, ताणलेल्या बाजेवर सोपें, एवढेंच ध्यानांत ठेवावें. उजेड, मोकळी हवा, चालणें आणि भोंवतीं सख्ख्या-चुलत बायकांचा सततचा राबता, या गोष्टी शहरांतील दोन खोल्यांत एकट्या बसलेल्या गर्भवतीला मिळत नाहींत. फिरतें घर हेंच मुळीं रोगट, हा समज म्हणून सोडून द्यावा लागतो.

मग दोष कशांत आहे? पहिला दोष ओझ्यांत. पाण्याचा हंडा डोक्यावरून दूरवरून आणणें, सरपणाची मोळी बांधणें, मुक्काम हलवितांना खाटा व गोधड्या उंटावर चढविणें, हीं कामें सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत चालूं राहतात. दुसरा दोष ताटांत. गर्भारपणांत शरीरांतील रक्ताचें एकूण प्रमाण चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांनीं वाढतें, आणि सबंध नऊ महिन्यांत मिळून सुमारें एक हजार मिलिग्रॅम लोहाची गरज लागते. भाकरी, दूध आणि वरचेवर चहा या आहारांत पोट भरतें पण लोह पुरेसें मिळत नाहीं. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा असलेलें लोहहि शरीरांत शोषूं देत नाहीं. हा कांहीं पालांतील स्त्रियांचाच प्रश्न नव्हे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत देशांतील निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. म्हणूनच गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणें निदान १८० लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य मिळतात. ती गोळी चहाबरोबर न घेतां आंबट फळाबरोबर घ्यावी. शरदांत नागपूरकडे संत्र्याला तोटा नसतो; बागेंत खालीं पडलेलें एक संत्रें किंवा रानांतील दोन आंवळे गोळीची किंमत वाढवितात. अंबाडी, चवळी व शेवग्याचा पाला, शेंगदाणे आणि गूळ हें याच ऋतूंत माळावर व बाजारांत सहज मिळणारें अन्न त्या जोडीला असावें.

तिसरा धोका ऋतूचा. पाऊस ओसरल्यावर डबक्यांत डास वाढतात, आणि गर्भारपणांतला हिंवताप आईचें रक्त आटवून बाळाचें वजन घटवितो. त्याहूनहि कपटी असा एक ताप आहे, तो म्हणजे स्क्रब टायफस. ओलसर गवत व झुडपें यांत राहणाऱ्या अत्यंत सूक्ष्म किड्याच्या पिलाच्या चाव्यानें तो होतो. चाव्याच्या जागीं कधीं कधीं जळल्यासारखी काळी खपली धरते, आणि तीच त्याची खूण. २०१८ सालीं पावसाळ्याच्या अखेरीस नागपूर व भोंवतालच्या जिल्ह्यांत या तापाची मोठी सांथ येऊन कित्येक रुग्ण दगावले. वेळेवर ओळखला तर तो साध्या औषधानें बरा होतो. उशीर झाला तर गर्भ आणि माता दोघांचाहि घात करूं शकतो. मेंढपाळाचा तळ रानाच्या धारेला पडत असल्यामुळें शरदांतला कोणताहि ताप 'ऋतु बदलला म्हणून' असें म्हणून अंगावर काढणें दोन जिवांच्या स्त्रीला परवडणारें नाहीं.

चौथा धोका धंद्याचा, आणि तो सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. मृगाच्या पावसानंतर हिरवा चारा खाऊन फळलेल्या मेंढ्या पांच महिन्यांनीं वितात. म्हणजे अनेक कळपांत कोंकरांचा हंगाम कार्तिक-मार्गशीर्षांत येतो. अडलेल्या मेंढीला सोडविणें, वार उचलून टाकणें, ओल्या कोंकराला पुसून चुलीजवळ घेणें हीं कामें डेऱ्यांत बहुधा बायकाच करतात. पण मेंढ्या-शेळ्यांच्या गर्भजलांत व वारेंत असे रोगजंतु असूं शकतात कीं ज्यांनीं मेंढीचा गर्भ गळतो आणि तिला हात लावणाऱ्या गर्भवतीचाहि. ब्रुसेला हा त्यांतील एक. कच्च्या दुधावाटेहि तो माणसांत शिरतो, आणि दिवसेंदिवस येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी व गर्भपात हीं त्याचीं लक्षणें. यावर उपाय मात्र विलक्षण सोपा आहे. पोटुशी बाईनें वेणाऱ्या मेंढीजवळ जाऊं नये, गाभटलेल्या मेंढीला तर मुळींच शिवूं नये, आणि दूध उकळी फुटल्यावांचून पिऊं नये. डेऱ्यांत बायका पुष्कळ असतात; एकीनें चार महिने या कामांतून बाजूला राहिलें तर धंदा बुडत नाहीं. नवव्या महिन्यांतील बाईला जड उचलूं देऊं नये हा संकेत जसा सर्वांना मान्य आहे, तसाच मेंढीच्या बाळंतपणापासून तिला दूर ठेवण्याचा संकेतहि रुजला पाहिजे.

येथपर्यंतचे धोके डेऱ्याच्या आंतल्या शहाणपणानें टळण्यासारखे आहेत. पांचवा धोका मात्र डेऱ्याच्या हातचा नाहीं. मराठी संसारांत पहिलें बाळंतपण माहेरीं होतें. सातव्या महिन्यांत डोहाळजेवण करून मुलीला माहेरीं नेतात. 'डोहाळा' हा शब्दच संस्कृत 'दौहृद' यावरून आलेला असून त्यांत दोन हृदयांची कल्पना आहे. 'दोन जिवांची' हा मराठी वाक्प्रचारहि तीच कल्पना सांगतो. माहेर म्हणजे नुसते आईबाप नव्हेत. माहेर म्हणजे ठरलेलें ठिकाण, ओळखीची सुईण, माहीत असलेला दवाखाना, रात्रीं दार ठोठावलें तर उघडणारा शेजार. फिरत्या बिऱ्हाडांतील मुलीचें माहेरहि फिरतें असतें. तिची आई आहे, मायाहि आहे. पण आईचा डेरा त्या महिन्यांत वर्धा नदीच्या पलीकडे कोठें तरी चाललेला असतो. आतां खिशांतल्या फोनमुळें आवाज भेटतो; परंतु प्रसूतीच्या वेळीं आवाज पुरत नाहीं, ठिकाण लागतें.

आणि ठिकाण कां लागतें हें समजण्यासाठीं एकच गोष्ट पुरे. प्रसूतीनंतर होणारा अतिरक्तस्राव हें माता दगावण्याचें एक मुख्य कारण आहे, आणि तो जोराचा असला तर दोन तासांचाहि अवकाश मिळत नाहीं. अनुभवी वृद्ध बाई पुष्कळ गोष्टी जाणते; पण तिच्याजवळ रक्ताची बाटली नसते. पायांवर व तोंडावर सूज येऊन डोकें असह्य दुखूं लागणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणें, ताप, किंवा पोटांतील बाळाची हालचाल मंदावणें, यांपैकीं कोणतीहि खूण दिसतांच जावयाचें कोठें, हें जिला आधींच ठाऊक आहे तिचे प्राण वांचण्याचा संभव कितीतरी अधिक.

या ठिकाणीं पुन्हां यर्ताच्या देशाकडे पाहण्यासारखें आहे. मंगोलियांतील कुटुंबेंहि शरदांत हिंवाळी तळाकडे सरकतात आणि घरावर नमद्याचे अधिक थर चढवितात. त्या विस्तीर्ण देशांत दवाखाना प्रत्येक तळाजवळ नेणें अशक्य होतें. म्हणून तेथील सरकारनें उलट विचार केला. तालुक्याच्या गांवीं, रुग्णालयाच्या शेजारीं, गर्भवतींसाठीं विश्रांतिगृहें काढलीं. दिवस जवळ आले कीं मेंढपाळाची स्त्री तेथें येऊन राही, खाऊन-पिऊन विसांवा घेई, आणि बाळ-बाळंतीण धड झाल्यावर आपल्या गेरकडे परते. १९९० नंतर देशाची आर्थिक घडी विसकटली तेव्हां त्यांतलीं पुष्कळ विश्रांतिगृहें बंद पडलीं, आणि त्या वर्षांत मातामृत्यूंचें प्रमाण वाढलें. पुढें तीं पुन्हां उघडण्यांत आलीं. त्या लोकांनीं घर सोडलें नाहीं, फिरणें सोडलें नाहीं. फक्त प्रसूतीपुरता मुक्काम पक्का केला.

महाराष्ट्रालाहि ही कल्पना परकी नाहीं. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट अशा दुर्गम आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारांत 'माहेरघर' नांवाचीं गृहें चालविण्यांत आलीं. पावसांत नदीनाले भरून वाट बंद होण्यापूर्वींच गर्भवतीनें तेथें यावें, सोबत एखादी नातलग स्त्री व लहान मूल असावें, जेवणाची सोय तेथेंच व्हावी, अशी ती योजना. नांव मोठें समर्पक आहे. जिचें माहेर दूर, तिला सरकारनें जवळचें माहेर दिलें. पण ही योजना ठराविक गांवांतील स्त्रियांसाठीं आखलेली आहे. काटोलच्या माळावर उतरलेल्या आणि परवां कोंढाळीच्या पुढें सरकणाऱ्या डेऱ्यांतील स्त्री तिच्या कक्षेंत येत नाहीं. आणि वस्तुतः माहेरघराची खरी गरज जिला सर्वांत अधिक, ती हीच.

कायदा तिला अडवितो असें मात्र नाहीं. २०११ पासून चालूं असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वयें सरकारी रुग्णालयांत प्रसूति, शस्त्रक्रिया, औषधें, रक्त आणि जाण्यायेण्याचें वाहन हें सर्व गर्भवतीला विनामूल्य मिळावयाचें असतें. गर्भवतीसाठीं १०२ आणि कोणत्याहि संकटासाठीं १०८ हे दूरध्वनीचे क्रमांक सर्वांस खुले आहेत. तालुक्याच्या गांवीं सरकारी रुग्णालयें आहेत. नागपुरांत मेडिकल, मेयो व खास स्त्रियांचें डागा रुग्णालय आहे. अडचण आहे ती निराळी. आपली सारी आरोग्यव्यवस्था गांवाच्या यादीवर उभी आहे. आशा आपल्या गांवच्या गर्भवतींची नोंद ठेवते, अंगणवाडी आपल्या गांवच्या मातांना आहार देते. ज्या बाईचें मूळ गांव शेंकडों मैलांवर आणि मुक्काम आज येथें तर उद्यां तेथें, ती कोणाच्याच यादींत बसत नाहीं. एका गांवीं धनुर्वाताची पहिली सुई मिळाली तर दुसरीची वेळ येईपर्यंत डेरा दोन तालुके ओलांडून जातो. भटक्या-विमुक्तांसाठीं नेमलेल्या बाळकृष्ण रेणके यांच्या राष्ट्रीय आयोगानें २००८ सालीं आपल्या अहवालांत कायम पत्ता व कागदपत्रें नसण्याच्या या अडचणीकडे बोट दाखविलें होतें. राज्याच्या महिला व बालविकास खात्यानें २०२१-२२ च्या सुमारास स्थलांतर करणाऱ्या माता-बालकांची संगणकावर नोंद ठेवण्याचा उपक्रम आरंभिला, तो याच उणिवेची कबुली होय. यादी जागेवर बसून राहील आणि माणूस चालत राहील, तोंवर दोघांची गांठ पडणार नाहीं.

तोंवर करतां येण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, आणि त्यांतील पुष्कळसें अगदीं साधें आहे. पहिली गोष्ट कागदाची. पहिल्या तपासणीच्या वेळीं मिळणारें माता व बाल संरक्षण कार्ड हें डेऱ्यांतील सर्वांत मौल्यवान कागद समजून मेणकापडाच्या पिशवींत बांधून तिच्या अंगाशीं असावें. त्यावर रक्तगट, रक्ताचें प्रमाण, रक्तदाब, दिलेल्या सुया, अपेक्षित तारीख हें सारें लिहिलेलें असतें. मुक्काम बदलला, डॉक्टर बदलले, भाषाहि बदलली, तरी तो कागद तिच्यासाठीं बोलतो. दुसरी गोष्ट तारखेची. प्रत्येक महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची विशेष तपासणी २०१६ पासून होत आली आहे. गांव कोणतेंहि असो, तारीख तीच. ज्यांचें ठिकाण ठरलेलें नाहीं त्यांना ठरलेली तारीख फार उपयोगी पडते. तिसरी गोष्ट शेवटच्या पंधरवड्याची. त्या दिवसांत कळपानें पुढें जावें, पण त्या एका कुटुंबाचें पाल रुग्णालय असलेल्या गांवाजवळ थांबावें. चार माणसें कमी पडल्यानें कळप अडत नाहीं.

आणि चौथी गोष्ट गांवाची आहे. ज्या शेतकऱ्याच्या वावरांत मेंढ्या बसतात, त्याच्याशीं डेऱ्याचें नातें नवें नसतें. त्याला गांवची आशा माहीत असते, उपकेंद्र कोठें आहे तें माहीत असतें, रुग्णवाहिकेला वाट कोणत्या पांदणीनें सांगावी हेंहि माहीत असतें. रात्रीं एक वाजतां १०८ ला फोन लावणाऱ्या परक्या माणसाला 'आम्ही कोठें आहों' एवढेंच सांगतां येत नाहीं. शेतकऱ्याला तें एका वाक्यांत सांगतां येतें. मेंढ्या बसवितांना किती रात्री आणि किती धान्य हें जसें विचारलें जातें, तसेंच 'डेऱ्यांत कोणी दोन जिवांची आहे काय?' एवढें शेतकऱ्याच्या घरच्या स्त्रीनें विचारावें. या प्रश्नाला खर्च नाहीं. पण त्या एका प्रश्नानें यादींत नसलेली बाई त्या गांवापुरती यादींत येते, आणि दूरच्या आईच्या ऐवजीं तिला त्या रात्रींपुरतें एक माहेर मिळतें.

फिरत्या लोकांना स्थिर करा, म्हणजे त्यांचे प्रश्न सुटतील, असें वारंवार म्हटलें जातें. ज्यांना स्थिर व्हावयाचें आहे त्यांना जमीन व घर मिळणें हा त्यांचा हक्क आहे, यांत शंका नाहीं. परंतु जोंपर्यंत शेताला खत हवें आहे आणि कळपाला चारा हवा आहे, तोंपर्यंत कोणी ना कोणी पाठीवर बिऱ्हाड घेऊन माळावरून चालत राहणार. आणि त्यांच्यांत, दर शरदांत, कोणीतरी दोन जिवांची असणारच. तिच्या घराच्या कापडांत फारसें कांहीं बदलावयाचें नाहीं. बदलावयाचें आहे तें त्या कापडाभोंवतालच्या गांवानें, दवाखान्यानें आणि यादीनें.